नान्नजच्या माळावर रोपं लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका तरुण मंडळाला नान्नजच्या माळढोक अभयारण्यासाठी काहीतरी करायचं आहे. पावसाळ्यात दोन हजार रोपं, सिमेंटचे चार पाणवठे, काळविटांचे कळप लांबून दिसावेत म्हणून उंच मनोरा आणि रविवारी येणाऱ्यांसाठी बाकडी, अशी त्यांची यादी आहे. वनविभागाकडे अर्ज करण्याआधी ते विचारतात की ही यादी बरोबर आहे का, आणि प्राण्यांना व पाहुण्यांना खरोखर उपयोगी पडेल असं काय करता येईल.

यादीतली पहिली ओळ खोडा. माळावर एकही रोप लावू नका. बाकीच्या गोष्टी दुरुस्त करता येतील. झाडांचं मात्र तसं नाही, कारण एकदा रुजलेलं चुकीचं झाड काढायला लावण्याच्या दसपट कष्ट पडतात.

माळ म्हणजे झाडं गेल्यावर उरलेली ओसाड जमीन, ही समजूतच सगळ्या चुकांचं मूळ आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. माळावर बऱ्याच ठिकाणी वीतभर माती आणि खाली मुरूम. अशा जमिनीवर निसर्गतः वाढतं ते गवत आणि अधूनमधून एखादं बोर, हिवर किंवा बाभूळ. इथले प्राणी या उघडेपणावरच जगतात. काळवीट संकट लांबून पाहतं आणि पळून सुटतं. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो आणि चहूकडे नजर पोचते तिथंच बसतो. धाविक, पखुर्डी, चंडोल, टिटवी ही सगळी जमिनीवर घरटी करणारी मंडळी. दाट झाडांची रांग उभी राहिली की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीला बसायची जागा मिळते, अंडी-पिल्लं टिपली जातात, आणि हे पक्षी त्या रांगेपासून दूर सरकू लागतात. म्हणून झाडांची पट्टी वीस मीटर रुंद असली तरी तिच्यामुळे वाया जाणारा माळ त्याहून कितीतरी मोठा असतो.

हे अभयारण्य १९७९ साली घोषित झालं, तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. नंतर ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. त्यातलाही मोठा भाग शेतीचा आणि गावांचा आहे. प्रत्यक्ष वनविभागाच्या ताब्यात आहेत ते नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा अशा गावांलगतचे विखुरलेले माळाचे तुकडे. पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात इथला माळढोक लोकांपुढे आणला तेव्हा तो दिसणं दुर्मीळ नव्हतं. आज तो दिसलाच तर नशीब. पण लांडगा, खोकड, काळवीट, हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी, सर्पगरुड हे सगळे अजून याच तुकड्यांच्या आधारानं आहेत. म्हणून एकेका हेक्टरचं मोल मोठं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यातला अधिवास बदलणं, वनोपज काढणं, पाण्याचा प्रवाह वळवणं, यातलं काहीही परवान्याशिवाय करता येत नाही. कलम ३० आग लावायला मनाई करतं आणि कलम ३२ वन्यजीवांना अपाय होईल अशी रसायनं वापरायला. म्हणजे पुढे सांगितलेलं प्रत्येक काम वनविभागाच्या योजनेत बसवून, त्यांच्या देखरेखीखालीच करायचं आहे. मंडळाचं काम म्हणजे माणसं, वेळ, नोंदी आणि चिकाटी पुरवणं. वनरक्षकाकडे हजार-दीड हजार हेक्टर असतील तर या गोष्टींची त्याला खरी गरज असते.

आता झाडं लावण्याऐवजी काढायची कशी ते पाहू. दुष्काळी कामांच्या काळात माळांवर गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली आणि वेडी बाभूळ आपसूक पसरली. तिन्हींचा स्वभाव वेगळा, म्हणून काढायची रीतही वेगळी.

गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, नुसती कोयत्यानं छाटली तर एका खोडाच्या जागी सात-आठ फुटवे येतात. जानेवारी ते मार्चमध्ये ती पानं गाळून फुलते, तेव्हा मुळांत साठा भरपूर असतो. त्या दिवसांत तोडलीत तर ती जोमानं फुटणारच. नवी पालवी पूर्ण फुटली की साठा खर्च झालेला असतो, तेव्हा हात घाला. मनगटापेक्षा बारीक खोडं पहिल्या दोन दमदार पावसांनंतर जमीन मऊ झाली की पहारीनं मुळासकट उपटा. जाड खोडाभोवती टिकावानं खणून जमिनीखाली वीतभर खोलीवर तोडा. ते शक्य नसेल तर कमरेखाली एक फूट रुंदीची साल आतल्या कठीण लाकडापर्यंत पूर्ण गोल सोलून काढा आणि खालून येणारे फुटवे दर महिन्याला मोडत राहा. सालीचा बोटभर धागाही सलग राहिला तर झाड जगतं, आणि बहुतेक ठिकाणी काम फसतं ते इथंच. आणखी एक काळजी घ्या. तोडलेल्या फांद्या ओल्या जमिनीवर टाकून ठेवू नका आणि कुंपणाच्या खुंटांना तर मुळीच वापरू नका. गिरिपुष्पाची फांदी रोवली की मुळं धरते. एका बाजूनं काढायचं आणि दुसऱ्या बाजूनं नकळत लावायचं, असं होतं.

वेडी बाभूळ जमिनीलगतच्या आणि तिच्या जरा खालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटते. तिचं मूळ जमिनीखाली २५-३० सेंटीमीटरवर तोडलं तरच ती मरते. शेंगा पिकण्याआधी, म्हणजे मार्चपर्यंत, हे काम उरका, कारण शेंगा शेळ्या आवडीनं खातात आणि बी लेंड्यांतून माळभर पोचतं. सुबाभळीचं बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. मोठी झाडं काढून फोटो काढले की काम संपलं असं तिच्या बाबतीत धरू नका. पुढची किमान पाच वर्षं जुलै, सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्ये त्या जागेवर फिरून रोपं हातानं उपटावी लागतात. एवढ्या वर्षांची तयारी नसेल तर सुबाभळीचा मोठा पट्टा हाती घेऊ नका. अर्धा एकर घ्या, पण तो पूर्ण करा.

सगळी परदेशी झाडं एकाच वर्षी काढू नयेत. उन्हाळ्यात लांडगे आणि काळविटं काही ठिकाणी त्यांच्याच सावलीला बसतात. पट्ट्याचे तीन भाग करा आणि दर वर्षी एक घ्या. मधोमध असलेल्या झाडांपासून सुरुवात केली तर मोठा सलग माळ लवकर मोकळा होतो. देशी बोर, हिवर, बाभूळ, पळस यांना हात लावू नका. खाटीक पक्षी, सरडे, खोकड सगळ्यांना ती लागतात. हेक्टरी पाच-सात झाडं पुरेशी आहेत, आणि तेवढी बहुतेक ठिकाणी आहेतच.

झाड उपटलेली जागा उघडी ठेवली की महिनाभरात तिथं गाजरगवत आणि तरोटा उभा राहतो. म्हणून त्याच आठवड्यात गवताचं बी पडायला हवं, आणि ते आदल्या वर्षीच गोळा केलेलं असायला हवं. हा क्रम बहुतेक जण चुकवतात. आधी झाडं काढतात आणि मग बी कुठं मिळेल ते शोधू लागतात.

बी कुठलं? बाजारातल्या चाऱ्याच्या संकरित जाती नकोत. अभयारण्याच्याच चांगल्या राहिलेल्या तुकड्यांतलं पवना, मारवेल आणि डोंगरी यांचं बी घ्या. कुसळी आपोआप येते, तिची काळजी नको. उलट कुसळीच कुसळी दिसत असेल तर तिथं फार चराई झाली किंवा वरचेवर आग लागली, असा त्याचा अर्थ. बी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये पिकतं. कणीस चिमटीत धरून ओढल्यावर सहज हातात आलं तर ते तयार समजा. एका तुकड्यातलं एक तृतीयांशपेक्षा जास्त बी उचलू नका. सावलीत आठवडाभर वाळवा, सुती पिशवीत भरून कोरड्या जागी टांगा. ताजं बी लगेच पेरलं तर उगवत नाही. त्याला सहा-आठ महिन्यांची विश्रांती लागते, म्हणून पुढच्या जूनपर्यंत थांबणं सोयीचंच आहे.

मे महिन्यात उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे पसरा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा आणि दोन आठवड्यांनी कोंब मोजा. रानगवताच्या बियांत वीस-पंचवीस आले तरी काम होतं. दहाहून कमी आले तर बियांचं प्रमाण दुप्पट करा. साधारण हेक्टरी ५ ते ६ किलो बी लागतं. हे बी हलकं आणि लवदार असतं, वाऱ्यावर उडतं आणि राहिलेलं मुंग्या नेतात. म्हणून वजनानं एक भाग बी, एक भाग चाळलेलं शेणखत आणि तीन भाग गाळाची माती कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा आणि सावलीत सुकवा. मुठीएवढे गोळे केले तर आतलं बी कुजतं. गोळ्या जमिनीवर फेका, वरून काट्याची फांदी हलकेच ओढा. अर्धा-एक सेंटीमीटरपेक्षा खोल गेलेलं बी वर येत नाही. नांगर किंवा ट्रॅक्टर माळात घालायचाच नाही. मुरूम वर आला की ती जागा अनेक वर्षं बरी होत नाही.

सोलापूरच्या पावसाची एक खोड इथं ध्यानात घ्या. जूनमध्ये सुरुवात होते, जुलै-ऑगस्टमध्ये मोठा खंड पडतो आणि सगळ्यात भरवशाचा पाऊस सप्टेंबरात येतो. सगळं बी जूनमध्ये टाकलं आणि तीन आठवडे पाऊस गायब झाला तर दोन बोटं आलेलं गवत करपतं. म्हणून निम्मं बी जूनमध्ये टाका आणि निम्मं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. फार उघड्या, वाहून गेलेल्या जागी बी टिकतच नाही. तिथं मारवेलीचे ठोंब लावा. ६० गुणिले ३० सेंटीमीटरवर लावले तर हेक्टरी सुमारे ५५ हजार ठोंब लागतात, म्हणजे संपूर्ण हेक्टर भरणं मंडळाच्या आवाक्याबाहेरचं. त्याऐवजी उताराला आडव्या दोन-दोन ओळी, दर दहा मीटरवर. मधली जागा गवत स्वतः भरून काढतं.

समतल चर खोदायचं कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. शेतात आणि डोंगरउतारावर चर उपयोगी असेल, गवताळ माळावर नाही. खोदलेला मुरूम गवतावर पसरतो, त्या ढिगाऱ्यांवर तण माजतं आणि पळणाऱ्या काळविटाच्या पायाखाली दर पाच मीटरला खड्डा येतो. पाणी जिरवायचं काम गवताच्या मुळ्या करतात.

गवत आलं की पुढचा प्रश्न चराईचा. इथं दोन टोकं दिसतात. एकीकडे वर्षभर चराई, त्यामुळे जमीन उघडी पडते. दुसरीकडे संपूर्ण बंदी, त्यामुळे तीन-चार वर्षांत गवत कमरेएवढं दाट होतं, खालचा वाळका थर साचतो, नवा फुटवा गुदमरतो आणि धाविक, चंडोल, काळवीट तिथून निघून जातात. प्राण्यांना एकसारखं गवत नको असतं. धाविकाला घोट्याएवढं लागतं, काळविटाला गुडघ्याएवढं, लाव्याला आणि रात्री जमिनीवर मुक्काम करणाऱ्या भोवत्यांना मांडीएवढं. म्हणून तुकड्याचे चार गट पाडा. दर वर्षी एका गटात डिसेंबरनंतर कापणी, दुसऱ्यात वनविभागानं ठरवून दिलेली मर्यादित चराई आणि उरलेले दोन तसेच, आणि हे फिरतं ठेवा. कापणी कधीही बी झडण्याआधी करायची नाही. ऑक्टोबरमध्ये हिरवं गवत कापलं की जनावरांना चारा चांगला मिळतो, पण माळाचं पुढच्या वर्षाचं बियाणं गोठ्यात जातं. विळा जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर वर ठेवा. भोवत्यांच्या मुक्कामाची जागा नोव्हेंबरात संध्याकाळी लांबून बघून ठरवता येते. सूर्यास्ताच्या सुमारास ते एकामागून एक एकाच पट्ट्यात उतरतात. तो पट्टा मार्चअखेरपर्यंत कापू नका.

कापलेलं गवत विकता येत नाही. कलम २९ नुसार ते आसपासच्या लोकांच्या घरगुती गरजेसाठी देता येतं, आणि हीच गोष्ट फायद्याची आहे. मार्डी-नान्नजच्या धनगरांना आणि पशुपालकांना जानेवारीत पेंढ्या मिळाल्या तर पावसाळ्यातली चोरटी चराई कमी होते, आणि माळाला आग लागली की विझवायला पहिले धावणारे तेच असतात.

आगीबद्दल थोडक्यात. बार्शी रस्त्याच्या आणि पायवाटांच्या कडेनं सहा मीटर रुंद जाळरेषा जानेवारीतच तयार व्हावी. मंडळानं फक्त गवत कापून मधोमध ओढून द्यायचं. जाळण्याचं काम वनविभागाचे कर्मचारीच सकाळी वारा पडलेला असताना करतील. फेब्रुवारीनंतर वारा सुटतो आणि मग उशीर झालेला असतो.

आता पाणवठे. चार नकोत. या प्राण्यांपैकी बरेच जण कमी पाण्यावर जगायला तयार झालेले आहेत, आणि जागोजागी बारमाही पाणी ठेवलं की भटकी कुत्री माळातच मुक्काम करतात. एक किंवा दोन पुरेत, एकमेकांपासून किमान एक किलोमीटर, रस्त्यापासून तीनशे मीटर आत, आणि फक्त फेब्रुवारी ते पहिल्या पावसापर्यंत चालू.

आकार चौकोनी टाकीचा असेल तर तो सापळा होतो. ससा, मुंगूस, टिटवीची पिल्लं, घोरपड त्यात पडतात आणि गुळगुळीत सिमेंटवरून वर येत नाहीत. बशीसारखा करा. व्यास ३ मीटर, मधोमध खोली ३० सेंटीमीटर, म्हणजे कडेपासून मध्यापर्यंत एकास पाच असा सौम्य उतार. खाली १० सेंटीमीटर दगडाची सोलिंग, वर जाळी घालून १० सेंटीमीटर काँक्रीट, पृष्ठभाग खराट्यानं ओरखडून खडबडीत ठेवलेला. काठ जमिनीच्या पातळीतच हवा. वर उचललेला काठ पिल्लांना आडवा येतो. काँक्रीट झाल्यावर दोन आठवडे पाणी भरून ठेवा आणि ते पाणी काढून टाका, म्हणजे सिमेंटचा खार निघतो. दुपारच्या उन्हात टाकलेलं काँक्रीट लगेच तडकतं, म्हणून संध्याकाळी ओता आणि गोणपाटानं झाका.

अशा बशीत सुमारे ७०० लिटर पाणी मावतं. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात रोज १०-१२ मिलिमीटर पाणी उडून जातं. सात चौरस मीटर पृष्ठभागावरून म्हणजे रोज ७० ते ८५ लिटर नुसती वाफ. प्राणी पितात ते वेगळं. म्हणजे आठवड्यातून एकदा टँकर आला तर शेवटचे दोन दिवस तळाला हिरवा गाळ राहतो. आठवड्यातून दोनदा भरायची सोय असेल तरच पाणवठा बांधा. एकदा सवय लावून एप्रिलच्या मध्यात तो कोरडा पडला तर त्या पाण्याच्या भरवशावर राहिलेली जनावरं कालव्याकडे, विहिरींकडे जातात आणि काठ नसलेल्या विहिरीत पडतात. दर दहा दिवसांनी बशी रिकामी करून खराट्यानं घासायची. पावडर किंवा ब्लीचिंग घालायचं नाही. आणि मंडळाकडे पैसे असतील तर पाणवठ्याआधी माळालगतच्या उघड्या विहिरींना तीन फुटांचा कठडा बांधा. त्यानं जास्त जीव वाचतील.

कुत्र्यांचा विषय लोक टाळतात, पण नान्नजसारख्या ठिकाणी आज वन्यप्राण्यांना सगळ्यात मोठा त्रास त्यांचाच आहे. काळविटाची पाडसं गवतात दबून बसतात, कुत्री वासानं त्यांना शोधतात. डिस्टेंपर, पार्व्हो आणि रेबीज लांडग्या-खोकडांपर्यंत त्यांच्याकडूनच जातो. कुत्र्यांना मारणं बेकायदेशीर आहे आणि त्यानं काही साधतही नाही, कारण अन्न तिथंच असेल तर नवी कुत्री येतात. आधी अन्न बंद करा. धाब्यांचं उरलंसुरलं आणि कोंबड्यांचं टाकाऊ मांस माळाच्या कडेला पडतं. त्या जागा नकाशावर मांडून ग्रामपंचायतीपुढे ठेवा. मग लसीकरण. भोवतालच्या गावांतल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना रेबीजची लस मिळाली तर साखळी तुटते. धनगरांची राखणीची कुत्री आधी घ्या, कारण लांडग्यांशी गाठ त्यांचीच पडते. अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतल्या गुराढोरांच्या लसीकरणाची तरतूद याच कायद्याच्या कलम ३३-अ मध्ये आहे. पशुसंवर्धन खात्याला अर्ज करताना त्याचा उल्लेख करा, काम लवकर हलतं.

तारांकडेही लक्ष द्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही आणि शरीर जड असल्यानं ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून तो वीजवाहिन्यांवर आदळतो. माळावरून जाणाऱ्या तारांवर दर पाच ते दहा मीटरवर फिरत्या चकत्या लावण्यासाठी महावितरणकडे वनविभागामार्फत पाठपुरावा करता येतो. काटेरी कुंपण असलं तर सगळ्यात खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून ४५-५० सेंटीमीटर वर घ्या. काळवीट सहसा उडी मारत नाही, खालून निघतं.

पाहुण्यांचं आता बघू. उंच मनोरा नको. सपाट माळावर नऊ मीटरच्या मनोऱ्यावर उभा असलेला माणूस दोन किलोमीटरवरच्या काळविटालाही दिसतो. त्याऐवजी माळाच्या कडेला, जुन्या वाटेलगत एक लपण, म्हणजे आत बसून प्राणी बघायची बुटकी खोली, बांधा, स्थानिक दगडात, मातीच्या रंगाचं, छतासह जेमतेम अडीच मीटर उंच. लोक सकाळी येतात, म्हणून लपण माळाच्या पूर्व कडेला, तोंड पश्चिमेकडे. मग सूर्य पाठीशी राहतो, समोरचं स्वच्छ दिसतं आणि आतला माणूस अंधारात राहतो. पाठीमागची भिंत पूर्ण बंद हवी. ती उघडी राहिली तर आतली हालचाल उजेडावर काळी उमटते आणि लपणाचा उपयोगच जातो. खिडक्या म्हणजे वीस सेंटीमीटर उंचीच्या आडव्या फटी, तीन उंचीवर: ८० सेंटीमीटरवर लहान मुलांसाठी, ११० वर बाकावर बसलेल्यांसाठी आणि चाकाच्या खुर्चीतल्यांसाठी, १४५ वर उभ्यांसाठी. लपणापर्यंतची शेवटची पन्नास मीटर वाट तुरकाट्यांच्या कुडानं झाकलेली असावी. नाहीतर लोक लपणात शिरेपर्यंत कळप निघून गेलेला असतो.

वाट एकच, वळसा घेऊन परत येणारी, दोन किलोमीटरच्या आत, आणि माळाच्या कडेकडेनं. मधून नको. दीड मीटर रुंद, दाबलेला मुरूम, चढ एकास बारापेक्षा कमी. बाकडी हवीत, पण दर अडीचशे मीटरला एक पुरे, आणि त्यांची तोंडं माळाकडे. स्वच्छतागृह, गाड्या, चहा हे सगळं रस्त्याजवळ, अभयारण्याच्या हद्दीबाहेर. झाडं लावायची हौस तिथं भागवा. गाड्यांच्या जागेवर कडुनिंब आणि शिरीष लावा, पाणी घाला, जगवा. शहरात आणि ओढ्याकाठीही रोपांना जागा आहे.

चालणाऱ्या माणसाला काळवीट गाडीपेक्षा जास्त भितं. पायी असताना दीडशे मीटरच्या आत जाऊ नका. नरानं मान ताठ केली किंवा मादीनं चरणं थांबवून बघायला सुरुवात केली की तुम्ही जास्त जवळ आलात असं समजा. एका वेळी वीसपेक्षा जास्त माणसं नकोत, शाळेची सहल असेल तर दोन तुकड्या. वेळ सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत आणि चारनंतर सूर्यास्तापर्यंत. ड्रोन, पक्ष्यांचे मोबाइलवरचे आवाज, वाट सोडून फोटोसाठी आत शिरणं पूर्ण बंद. उन्हाळ्यात धाविक आणि पखुर्डीची अंडी उघड्या जमिनीवर, मातीच्याच रंगाची असतात. पायाखाली गेली तरी कळत नाही. जून ते सप्टेंबर या काळात माळाचा मधला भाग संपूर्ण बंद राहावा यासाठी मंडळानंच आग्रह धरावा. गवतात एकटं पाडस दिसलं तर ते अनाथ नसतं. त्याची आई चरायला गेलेली असते. उचलून आणलेलं पाडस बहुधा मरतं. लांडग्याची गुहा सापडली तर कुणालाही ठिकाण सांगू नका, फोटो टाकू नका, फक्त वनरक्षकाला सांगा.

फलक तीनच पुरे, आणि मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही, कारण रविवारी येणाऱ्या सोलापूरकरांच्या घरात या तिन्ही भाषा बोलल्या जातात. वाटाडे नान्नजचेच घ्या. दुर्बीण ८ गुणिले ४२ ची, म्हणजे आठपट वर्धनाची आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, असावी. त्याहून जास्त वर्धनाची हातात थरथरते.

शेतकऱ्यांना वगळून यातलं काहीच टिकणार नाही. काळविटं ज्वारी आणि हरभरा खातात, लांडगा शेळी नेतो. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो, पंचनामा आणि अर्ज यासाठी मंडळातली दोन माणसं कायम उपलब्ध ठेवा. भरपाई मिळायला उशीर झाला की राग प्राण्यांवर निघतो. रब्बी ज्वारीची शेतं माळाला जोडलेली आहेत तोवर भोवत्ये आणि काळविटं दोन्हीकडे वावरतात. ऊस आला की तो दुवा तुटतो, म्हणून ज्वारी घेणाऱ्याला जे जमेल ते सहकार्य करा.

नोंदींचं काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच ते मंडळानं घ्यावं. माळात दहा जागी दगड रोवा. दर वर्षी १ नोव्हेंबर आणि १ मे रोजी त्याच दगडावरून त्याच दिशेला फोटो. प्रत्येक दगडाजवळ एक मीटरची चौकट टाकून आत कोणतं गवत किती आणि उघडी जमीन किती ते लिहा. महिन्यातून एकदा सकाळी प्रत्येक दगडावर दहा मिनिटं थांबून दोनशे मीटरच्या आतले पक्षी मोजा. तीन वर्षांनी गवत वाढलं पण चंडोल कमी झाले असं दिसलं, तर कापणी वाढवायची वेळ आली आहे.

अर्जात सुरुवातीला फक्त एवढं मागा: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी गोळा करायची परवानगी, ते हाती आल्यावर पुढच्या पावसाळ्यात एका तुकड्यातल्या अर्ध्या एकरावरचं गिरिपुष्प काढण्यात मजूर म्हणून सहभाग, दहा दगड रोवायची परवानगी आणि भोवतालच्या उघड्या विहिरींची यादी करायचं काम. अर्ज वन्यजीव विभागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे, सोबत तुकड्याचा गट क्रमांक, हाती असलेली माणसं आणि महिनावार वेळापत्रक. अर्ज देण्याआधी एकदा तिथल्या वनरक्षकाबरोबर तो अर्धा एकर पायी फिरून या. लांडग्यांच्या गुहा आणि पखुर्डीच्या जागा त्याला ठाऊक असतात, आणि त्या कुठल्याही नकाशावर नसतात.